टेकाडापलीकडचा बॉल

गोल्फचं नाव काढलासा म्हणून सांगतो. पोरीसाठी स्थळ बघायला चंदगडला गेलतो. पोराच्या वडलांनी काजूच्या बागेत स्वतःपुरतं सहा होलचं मैदान केलंय. म्हणाले, "पावणं, जेवण होईस्तोवर खेळू या की!"

मी जन्मात काठी धरलेली न्हाय. पण बायकोनं बजावलं होतं, "तिथं जरा गोडीनं वागा." धरली.

त्या मैदानाची तऱ्हाच उलटी. मधे मोठं टेकाड. मी अलीकडनं पलीकडच्या होलात मारायचं, त्यांनी पलीकडनं अलीकडच्या. होल कुणालाच दिसत न्हाय.

माझा पहिलाच बॉल पाचोळ्यात गडप. हुडकतोय तर वरनं एक बॉल धपकन पायाशी. म्हणलं, सोयऱ्याचा बॉल होल चुकून माझ्या पायाशी आलाय, परत द्यायला पायजे. हाणला. थोड्या वेळात पुन्हा आला. पुन्हा हाणला. घामाघूम झालो, पण गोडी सोडली न्हाय.

शेवटी ते लालबुंद होऊन टेकाडावर आले. "अवो पावणं, तुमचा बॉल होल सोडून माझ्या अंगावर येतोय, मघापासनं परत देतोय, घेईनासा का?"

"माझा कुठला? मीच तुमचा परत देतोय!"

"माझा तर कवाच होलात गेला!"

जाऊन बघितलं. त्यांचं अलीकडचं होल रिकामं.

जेवताना बॉल दोन ताटांच्या मधे. ते म्हणतात तुमचा, मी म्हणतो तुमचा.

घरी आलो तर बायको दारातच. "ठरलं काय?"

म्हणलं, "पोरीचं लांबच राहिलं. बॉल कुणाचा, तेच अजून ठरंना."