मामूची फक्की

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि चिंचबाग तालमीचे एकेकाळचे गोलकीपर माननीय ज्ञानूदादा, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती अल्लाउद्दीनमामू, वर खुर्ची ठेवलेली असताना खाली बायकांत जाऊन बसलेल्या रशिदाभाभी, दोन्ही तालमींचे आजी-माजी खेळाडू आणि माझ्या बंधुभगिनींनो,

टेबलाला धरून बोलतो, तेवढी सवलत द्या. पस्तीस वर्षं शाळेत खडू आणि बावीस वर्षं घोडेमाळावर शिट्टी, यात गुडघे गेले आणि दमही गेला. माझ्याआधी चार वक्ते बोलले. माझ्या कागदावरचं बहुतेक सगळं त्यांनी बोलून टाकलं आहे. तेव्हा मी लवकर आवरतो, असं म्हणायची पद्धत आहे. बघू जमतं का.

सोमवारी घोडेमाळावर सिमेंटच्या गॅलरीचं काम सुरू होणार. चांगलं आहे. छप्पर येईल, नळ येतील, बायकांना बसायला जागा होईल. पण हे मैदान झालं कसं, ते एकदा सांगू द्या. संस्थानच्या काळात इथं पागेचे घोडे चरायचे, म्हणून घोडेमाळ. त्रेसष्ट साली बांध घालायचं ठरलं, तेव्हा एक बाजू बुरुज तालमीनं घेतली आणि एक चिंचबागेनं. घरटी माणूस मुरूम वाहत होता. चिंचबागेचा बांध हातभर उंच झाला म्हणून बुरुजवाल्यांनी आणखी आठ दिवस पाट्या वाहिल्या, मग चिंचबागेनं परत वाहिल्या. शेवटी मुरूम संपला म्हणून थांबले, नाहीतर दोन्हीकडं पन्हाळा झाला असता. त्या बांधांवर मुरगूडहून ट्रक भरून आलेली माणसं बसायची. गडमुडशिंगीचे लोक भाकऱ्या बांधून सकाळपासून जागा धरायचे. फायनलला शहरात रिक्षा मिळत नसे.

आणि या मैदानावर रेघा कुणाच्या? मामूंच्या. चपला काढून, खुंट्या ठोकून, सुती दोरी ताणून ते चुन्याची पांढरी फक्की टाकायचे. गोलची रेघ आधी, बाकी सगळं नंतर. दोरीशिवाय हात चालवायचा नाही, हा त्यांचा नेम.

आता मघाच्या वक्त्यांनी केलेल्या विनोदाकडे येतो. आपल्या गावात एखाद्याचा भांग वाकडा पडला, शिंप्याची शिवण तिरकी गेली, की आपण काय म्हणतो? 'मामूची फक्की'. मघाशी सभागृह हसलं. मामूही हसले. मीही हसलो. पंधरा वर्षं हसतो आहे, आणि आता मला त्याचा कंटाळा आला आहे.

एकोणसत्तरची फुटबॉलची फायनल. बुरुज विरुद्ध चिंचबाग, शून्य-शून्य, शेवटची सहा-सात मिनिटं. बुरुजच्या खेळाडूचा फटका वरच्या दांडीला लागला आणि बॉल सरळ खाली आला. फक्की उडाली. पुस्तकातला नियम असा, की बॉल पूर्ण रेघेपलीकडे गेला तरच गोल. बांधावरच्या प्रेक्षकांचा नियम वेगळा, तो रेफरीनं धरायचा नसतो. फक्की उडाली की गोल. बांधावरून एकच ओरड झाली, 'फक्की उडली'. मी शिट्टी मारली आणि गोल दिला.

मंडळी, तो बॉल मी पाहिलाच नव्हता. मैदानाच्या मध्यावर दोन खेळाडू एकमेकांच्या गंजिफ्रॉकला धरून होते, मी तिकडं बघत होतो. मी ओरड ऐकून गोल दिला.

दादा, तुम्ही तेव्हा वीस-बावीस वर्षांचे होता. मला हाताला धरून तुम्ही गोलपाशी नेलं आणि म्हणालात, "मास्तर, खूण बघा की. बॉल रेघेवर पडलाय." रेघेच्या बरोबर मध्यावर वाटीसारखी गोल खूण होती. मी ती पाहिली. गोल नव्हता. पण तोवर बुरुजचा बांध अर्धा खाली उतरला होता, पुढं शाळेची मुलं बसलेली, आणि मी दिलेला गोल मागं घेतला नाही.

तेवढ्यात मामू फक्कीचा डबा घेऊन आले. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. दादांना म्हणाले, "ती खूण धरू नगा. मध्यंतराला मी दोरी न लावता फक्की टाकली, ती वीतभर गोलच्या आत पडली. गोल हाय." आणि अनवाणी पायानं त्यांनी ती खूण पुसली. दादांनी डोक्याची टोपी काढून जमिनीवर आपटली. सामना संपला, ढाल बुरुजला गेली, दगड एकही पडला नाही.

संध्याकाळी हौदावर मी त्यांना गाठलं. पाय धुता धुता तेच म्हणाले, "मास्तर, तुमाला उद्या पोरांपुढं उभं ऱ्हायाचं हाय. माझं काय, मी रेघा वडणारा."

मी ते ऐकून घेतलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मुलांपुढं उभाही राहिलो, नागरिकशास्त्राचा तास होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. चिंचबागेनं अट घातली, की फायनलची फक्की मामूंनी टाकायची नाही. मैदान समितीनं तसा ठराव केला. चिटणीस मीच होतो, खाली सही माझी आहे. त्यानंतर चौदा फायनली झाल्या. मामू रोज मैदानावर पाणी मारायचे, साखळी सामन्यांच्या रेघा ओढायचे, आणि फायनलच्या दिवशी घरी बसून गोलची जाळी विणायचे. भाभींनी एकदा मला दारातच विचारलं होतं, "मास्तर, यांचा हात खरंच चुकला का हो?" मी म्हणालो, माणूस आहे, चुकायचंच. भाभी, मला त्या उत्तराची लाज वाटते. आजवर वाटत आली आहे.

त्या दिवशी मध्यंतराला फक्की दोरी लावूनच टाकली होती. मला हे कसं ठाऊक? कारण दोरीचं दुसरं टोक मी धरलं होतं. वारा होता, खुंटी हलत होती, म्हणून मामूंनी मला बोलावलं. दोरी ताठ होती. रेघ खांबाला खांब बरोबर होती. ढालीवर तुमचाही हक्क होता, दादा. आणि चौदा फायनली मामूंच्या होत्या. सोमवारपासून मैदान बंद आणि मामू निवृत्त, तेव्हा मी हे परत करायचं म्हटलं तरी कुठं करू?

दादा, तुम्ही मान खाली घातलीत. घालू नका, ती मी घालायची आहे.

आता आभार. समितीचे, मांडववाल्यांचे, चहा देणाऱ्या मंडळींचे, आणि इतका वेळ शांत बसलात म्हणून तुमचे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून सोडून द्या. पण एक गोष्ट सोडू नका. थोड्या वेळानं मामूंना जे मानपत्र द्यायचं आहे, त्याचा मजकूर मी लिहिला आहे. त्यात एक वाक्य आहे: 'एक अपवाद सोडता त्यांची रेघ कधी चुकली नाही.' परवा लिहितानासुद्धा माझ्या हातून ते पहिले तीन शब्द गेले. सवय झाली होती.

अध्यक्षमहाराज, शाल द्या, नारळ द्या. मानपत्र आज देऊ नका. त्याची काच काढायला लागेल. मामू, आठ दिवसांत मी ते नीट लिहून तुमच्या घरी आणून देतो, आणि भाभींना दारात उभा राहून वाचून दाखवतो.