रूपालीच्या खोलीचं दार

आमी सणसरचं सुतार. वडील बैलगाड्या करायचे, मी दारं-खिडक्या करतो. बाभूळ, लिंब, जुना साग, समदं हाताखालनं गेलं, पन ह्या लागवडीच्या सागानं मला जसं कोंडीत धरलं तसं कशानंच न्हाय, काय सांगू तुमाला.

लेक काटेवाडीला दिली, रूपाली. व्याही बी सुतारच, पन शेतीवालं, रंदा कधी हातात धरला न्हाय. त्यांनी उसाच्या बांधाला साग लावल्याला. पाटाचं पानी पिऊन झाडं भराभर वाढली, आन् नवं घर बांधाय काढलं तवा मला म्हनलं, पाव्हनं, दारं तुमीच करा, घरचंच लाकूड हाय. मी एक फळी कापून बघितली. गाभा निब्बर व्हायच्या आधीच तोडल्यालं, आतलं धागं ढिलं, पीळ घेतल्यालं. म्हनलं, पाव्हनं, कवळं हाय, वाळताना लई आकसंल, समदं लाकूड रुंदीला आकसतं, पन असलं लांबीलाबी वढतं, वरीसभर सावलीत पडू द्या. तर ते म्हनलं, वास्तुशांत तोंडावर आली, तुमच्या मनात न्हाय का. आता लेकीच्या सासऱ्याला न्हाय कसं म्हनायचं? केली दारं.

उन्हाळा लागला आन् दारं हलली, आकसून वाकडी झाली. बाकीची कशीबशी भागली, पन रूपालीच्या खोलीचं दार पिळवटलं, खालचा कोपरा चौकटीत तर वरचा भाईर, कडी कोयंड्याला पोचंना, फळ्यांच्या मधी फटी. नवं लगीन झाल्याली पोर, तिनं आतनं आडोशाला साडी बांधली. सासू येताजाता म्हनायची, बापाचा हात बघा. पोरगी मला बोलली न्हाय, आईला बोलली, तेबी हळू आवाजात.

मी गेलो, रंदा मारला, फटीत पट्ट्या बसवल्या. पावसाळ्यात तेच दार फुगून आवळून बसलं. परत गेलो, परत तासलं, थंडी सरली की परत फट. शेवटी माझ्याकडचं जुन्या सागाचं दार टेम्पोत घालून नेलं. व्याही ओट्यावरच आडवं आलं, म्हनलं, आमचं लाकूड खोटं हाय असं गावाला दाखवताय व्हय? दार तसंच माघारी आनलं.

परवा रूपाली फोनवर म्हनली, अण्णा, सारखं येऊ नका, तुमी येऊन गेला की मलाच ऐकावं लागतं. आता मी काय करायचं? जावं तर तिला बोलनी, न जावं तर ती उघड्यावर.

लाकूड पुरतं मुरलं की हलायचं कमी व्हतं, तेवढ्यावर दिवस काढतोय. तवर देवानं पोरीला धीर द्यावा, आन् त्या घरात कुनीतरी तिच्या बाजूनं एक शब्द बोलावा, एवढंच मागनं हाय.