झाड पिल्लाला देणारी आई

सांगा मायबापहो — धरून ठेवणं अवघड, की सोडणं?

"धरणं!"

कोण बोललं? द्वारकाकाकू! बोलणारच! शेजारी बसलाय त्यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा हेमंत, आणि त्याचा स्वेटर काकूंच्या मांडीवर — लेकराला गार वाटलं तर! त्याला नाशकात नोकरी लागलीय, पण काकू पाठवत नाहीत. बरं. आधी एका आईची गोष्ट ऐका.

दूर, दक्षिण अमेरिकेच्या जंगलात एक प्राणी राहतो. स्लॉथ! मांजरापेक्षा थोडा मोठा, फांदीला उलटा लटकलेला. इतका सावकाश, की केसांत शेवाळ उगवतं! हसू नका — त्या हिरव्या रंगामुळंच तो पानांत लपतो. खातो नुसता पाला. पाल्यातून बळ मिळतं थोडं, म्हणून वापरतो जपून. याला आळस म्हणायचं?

आणि नखं! आकड्यांसारखी, आपोआप मिटलेली. फांदी धरायला कष्ट नाहीत — कष्ट आहेत ते सोडायला!

अशी एक आई. पिल्लू पोटाला चिकटलेलं. ती पान खायची, ते तिचे ओठ चाटायचं — त्या चवीवरून शिकायचं, कुठला पाला आपला. सहा महिने गेले. दूध संपलं. एका सकाळी तिनं पिल्लाला फांदीवर ठेवलं — आणि निघाली! झाड त्याला देऊन!

माकड ओरडलं, "अगं, एवढं भरलं झाड टाकून चाललीस कुठं? पोरानं हाकललं वाटतं!"

"नाही रे. दोघांना पुरायचं नाही ते."

शेजारच्या झाडावर पोचते न पोचते, तोच पिल्लू रडलं! बारीक शिटीसारखं. आणि समोर कोण बसलंय? गरुड! त्याची नजर हालचालीवर! काकू, तुम्ही काय केलं असतं?

"धावले असते हो!"

आणि दोघंही गेली असती!

ती हलली नाही. जीव पिल्लात, नखं फांदीत. पिल्लू रडून थकलं. गप्प झालं. पानांत ते कुठं, ही कुठं — गरुडाला कळेना. गेला उडून!

मग पिल्लानं भुकेनं एक पान ओढलं. चाटलं. अरे, ही तर आईच्या ओठांची चव! खाल्लं. आईनं ते पाहिलं, आणि एक नख उघडलं. मग दुसरं. निघाली पुढच्या झाडाकडे. मागं फिरली नाही!

"पण बुवा, याला साधा कुकर लावता येत नाही हो!"

तिला सहा महिने पुरले, काकू — तुम्हाला सव्वीस वर्षं मिळाली! हेमंता, उद्याचा भात तुझा. करपला तरी काकूंनी उठायचं नाही. आणि परवाच्या एस्टीत बसायचं. ठरलं!

बाकीचे का हसताय? कुणाच्या मुठीत सुनेचं स्वयंपाकघर, कुणाच्या मुठीत मंडळाचं अध्यक्षपद! मूठ बसल्या बसल्या मिटते. उघडायला बळ लागतं, आणि ते आजच लावायचं!

चला, नामाचा गजर करू. पण टाळीला दोन्ही हात मोकळे हवेत. काकू — तो स्वेटर. द्या त्याच्याकडे.

द्या...

हां! आता वाजवा टाळी!