पहिलीतल्या मुलीचा पूल

हार्डवेअरच्या दुकानात सुतार खिळ्यांसाठी रांगेत उभा होता. पुढच्या बाईच्या हातात आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल, मागे तिची मुलगी आणि शेजारी मैत्रीण.

“शाळेचं फॅड गं! म्हणे, पहिलीतल्या मुलांनी स्वतःच्या हातांनी पूल बांधायचा.”

“मग हा हिने बांधला?”

“हिने? हिचा तीनदा कोसळला. चौथ्यांदा राहिला उभा, पण वाकडा. चारचौघांत नाक कापून घ्यायचं का? दिला फेकून. तोवर ह्यांनी रजा काढून हा केलाच होता. इंजिनिअर आहेत ना! ए, हात लावू नकोस, मोडशील!”

“आणि बाईंनी हिला काही विचारलं तर?”

“घोकून घेतलंय. बोल गं, पूल का पडत नाही?”

“त्रिकोणांमुळे भार विभागला जातो.”

“शाब्बास! अहो दादा, घट्ट चिकटणारा गोंद द्या. जिना उतरतानाच याचा खांब निखळला.”

सुताराला राहवेना. तो खाली वाकला.

“काय गं बाळ, तुझ्या पुलाला कुठला गोंद लावला होतास?”

“गोंद नव्हता. बाबांनीच सगळा घेतला होता. मी काड्या एकमेकींत अडकवल्या.”

सुतार सरळ उभा राहिला.

“शेठ, मोठी बाटली द्या,” तो दुकानदाराला म्हणाला. “इंजिनिअरसाहेबांना लागेल.”