नैरोबीहून कंपाला

स्नेहलतागंजच्या एसटीडी बूथवर रांग होती. अनुश्रीच्या पुढेच एक वयस्क जोडपं हुज्जत घालत होतं.

"अहो, मिल बंद झाली म्हणून काय थेट आफ्रिका? या वयात?"

"इंदुमती, नैरोबीच्या मिलला साचेखात्यात, मागांवर मास्तर हवाय. दोन वर्षं घरी बसलोय, हात शिवशिवतात माझे."

"मग जा एकटेच. मी इंदौर सोडणार नाही."

"आणि पूर्णिमाचं बाळंतपण?"

"पोरगी कंपालाला. त्याचा इथे काय संबंध?"

"नैरोबीहून कंपाला पाचशे किलोमीटर. विमानानं सव्वा तास."

"सव्वा तास? पक्का?"

"तिकीटवाल्या भियाला दोनदा विचारलं."

"अहो, आपली भोपाळची बस पाच तास घेते!"

"तेच तर सांगतोय."

"म्हणजे सकाळी डिंकाचे लाडू घेऊन निघालं, तर दुपारचं जेवण लेकीकडे?"

"आरामात."

"मग आधी नाही का सांगायचं? चार दिवस फुकट भांडले मी!"

"मावशीजी, कंपाला लागला," बूथवाला ओरडला. बाई धावल्याच. मागे उभ्या अनुश्रीला हसू आलं.

"हॅलो, पूर्णिमा? बाळंतपणाला दुसऱ्या कुणाला बोलावू नकोस गं, मी येतेय. नाही गं, इंदौरहून नाही. शेजारून!"