दोन कपॅसिटरांच्या मधला जोड

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे विभागप्रमुख साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती, निवृत्त होणाऱ्या आमच्या ताई, खास रजा टाकून आलेले त्यांचे यजमान, आणि मागच्या रांगेत चहाची वाट बघत बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो!

मला पाचच मिनिटं दिली आहेत. साहेब, जास्त झाली तर रागावू नका, आज मला राहवणार नाही.

पाठीमागे आम्ही ताईंना 'थांबाताई' म्हणतो. ताई, उगाच चेहरा करू नका, तुम्हाला ठाऊक आहे! आमचं काम काय? सर्किट बनवण्याआधी ते संगणकावर चालवून बघायचं. संगणक प्रत्येक जोडाच्या व्होल्टेजचा अंदाज बांधतो, तपासतो, पुन्हा बांधतो. अंदाज स्थिरावले की उत्तर मिळतं. नाही स्थिरावले की तो हात वर करतो. मग आपण काय करतो, सांगा बरं? अचूकतेची अट सैल करतो! तरी जमेना, तर आणखी सैल! हसू नका, सगळेच त्यातले.

नवजात बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राचा वीजपुरवठा आपल्याकडे आला, तेव्हा हेच झालं. संगणक काही केल्या उत्तराला येईना, आणि दुपारी ग्राहक यायचे होते. कुणीतरी अट सैल केली, अडलेल्या जोडापासून ग्राउंडपर्यंत, म्हणजे शून्य व्होल्टेजपर्यंत, विजेला कशीबशी वाट देणारा एक भलामोठा रेझिस्टर संगणकातच नावापुरता टाकला, आणि काय देखणा आलेख आला! साहेबांनी ताईंना मंजुरीची सही करायला सांगितलं. ताई म्हणाल्या, थांबा.

अध्यक्षांची माफी मागून सांगते, साहेब तेव्हा भयंकर चिडले होते. सही नाही तर काम दुसऱ्याकडे देतो, असंही बोलून गेले. ताई खुर्चीतून हलल्या नाहीत. त्यांनी सर्किटचे तुकडे केले, एकेक वेगळा चालवून पाहिला. अडला तो एवढासा भाग: वीज साठवणारे, एकापुढे एक जोडलेले दोन कपॅसिटर. मधल्या जोडाला ग्राउंडकडे वाटच नाही, मग संगणकाने त्याचं व्होल्टेज ठरवायचं कशावरून? खोटा रेझिस्टर टाकून आपण त्याचं तोंड बंद केलं होतं. पण खऱ्या बोर्डावर तो होता कुठे? तिथे एकाच कपॅसिटरवर जास्त भार आला तर?

ताईंच्या हट्टाखातर, ग्राहकांना दाखवायला बनवून ठेवलेला नमुना बोर्ड काचेआड चालू केला. ग्राहक येऊन बसले. बराच वेळ काहीच होईना. साहेबांनी ताईंकडे असं पाहिलं, की मीच घाबरले. आणि फट्! एका कपॅसिटरचं टोपण उडालं, खोलीभर जळका वास. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, खरं सांगते. ताईंचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"ह्याच्याखाली बाळ असतं," एवढंच त्या म्हणाल्या.

साहेब उठले आणि ग्राहकांदेखत म्हणाले, "यापुढे ताईंची सही नाही, तर बोर्ड बाहेर नाही." मोठं मन लागतं हो असं म्हणायला. बोर्डावर दोन खरे रेझिस्टर बसले, भार सारखा वाटायला प्रत्येक कपॅसिटरला एक, आणि ती यंत्रं आजही सुरळीत चालू आहेत.

ताई, आज सकाळपासून ती सही माझ्याकडे आली आहे. आनंदाने माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत, आणि भीतीही तेवढीच वाटते.

सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. आणि साहेब, जेवणाआधी सांगून टाकते: सकाळी तुम्ही माझ्या टेबलावर ठेवलेल्या बोर्डावर मी सही केलेली नाही.