कंसातलं सूप

...नाही, मी म्हणते, अडायचंच होतं तर एखाद्या भारदस्त गोष्टीवर तरी अडावं की नाही? सूप! साधं भाजीचं सूप! तुम्हाला सांगते, एवढी मोठी आंतरराष्ट्रीय परिषद, नद्यांच्या पाण्याचा करार, बाहेर झेंड्यांची ही लांबलचक रांग, आणि आम्ही कागदपत्र विभागातली माणसं खाली तळघरात बसून काय करतोय, तर सुपाच्या सुधारित प्रती काढतोय!

तसं माझं काम सोपं हो. भिंतभर कपाट, त्यात प्रत्येक देशाचा एक खण. वरून कागद आला की आमचे साहेब त्यावर नंबराचा शिक्का मारतात, मी तो सगळ्या भाषांत छापून घेते आणि खणाखणांत सरकवते. पण ह्या परिषदवाल्यांची एक तऱ्हा आहे बघा. कागदातला एखादा शब्द कुणाला पटला नाही की त्याला चौकोनी कंस घालायचा, आणि सगळ्यांच्या संमतीनं तो कंस निघेपर्यंत कागद मंजूर नाही. आणि नंबराचा एक जरी कागद मंजुरीवाचून राहिला ना, तर परिषद संपत नाही. म्हणून म्हणते, कागदाला एकदा नंबर पडला की संपलं!

आणि मला तर ती शुक्रवारी संपायलाच हवी होती! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आम्ही सगळे समुद्रावर निघालो होतो. मी, हे, लेक आणि सासूबाई. सासूबाईंनी उन्हाची टोपी घेतलीय, ती घालून आठवडाभर घरात फिरतायत. साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं, 'परिषद संपली की जा हो बाई.' मी आपली भाबडी, पिशव्या भरून बसले.

तर शुक्रवारी सकाळी कँटीनवाला खाली आला. सज्जन माणूस. हातात चिठोरं, त्यावर दुपारचं जेवण लिहिलेलं. भाजीचं सूप, पाव, उकडलेले बटाटे. ताई, एक प्रत काढून द्या, दारावर लावतो म्हणाला. मी म्हटलं आणा इकडे, त्यात काय एवढं... आणि नेमके साहेब आले. साहेबांचं एक तत्त्व आहे. ते चष्मा पुसत पुसत, नाकातून सांगतात, "ह्या खोलीतून बिननंबरी कागद बाहेर जाणार नाही." मी म्हटलं, साहेब, जेवणाचा आहे हो. तर म्हणाले, "कागद आहे ना?" ठप्प! मारला शिक्का. आणि कागदाला नंबर पडला की संपलं! सगळ्या भाषांत छापा, सगळ्या खणांत सरकवा.

मला वाटलं, हसतील आणि टाकून देतील. कसले हसतायत! तासाभरात एक देश धावत खाली, 'भाजीचं' म्हणजे नेमकी कुठली भाजी? घाला कंस. दुसऱ्याचं म्हणणं, सुपाला आमचा विरोध नाही, पण पावाचा उल्लेख बटाट्याच्या आधी का? घाला कंस. तिसऱ्याला सूप 'गरम' हवं, तर चौथा म्हणे 'आपापल्या परिस्थितीनुसार गरम'. आणि एक टायवाले गृहस्थ, इतके गंभीर की मला वाटलं घरी कुणी गेलं की काय, ते म्हणाले 'उकडलेले' ऐवजी 'शक्य तितके उकडलेले' करा. झालं, उपसमिती नेमली! इकडे कँटीनवाल्यानं गॅस बंद केला. मंजुरी आल्याशिवाय भांडं चढवायचं नाही, असं त्याला लेखी आलेलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. आणि काय सांगू तुम्हाला, ज्या नद्यांवरून ही मंडळी वर्षानुवर्षं भांडत होती, तो अख्खा करार भुकेपोटी झटक्यात मंजूर! एक कंस राहिला नाही! मी टाळ्या पिटल्या, ह्यांना फोन केला, पिशव्या दाराशी आणा म्हटलं, आलेच मी. वळते तर मागे साहेब. चष्मा पुसतायत. म्हणाले, सूप बाकी आहे.

मग मात्र मला रडूच आलं. खरंच आलं हो. म्हटलं, साहेब, पोरगी वाट बघतेय, म्हातारी टोपी घालून बसलीय, सुपाचं तुम्ही बघा, मला जाऊ द्या. दगडालाही पाझर फुटतो म्हणतात. साहेब मऊ आवाजात म्हणाले, "अर्ज लिहून द्या बाई." मी उभ्या उभ्या लिहिलं, 'कुटुंबासह समुद्रावर जाण्यासाठी सोमवारपासून रजा मिळावी.' हातात दिला, आणि त्यांचा दुसरा हात कुठे चाललाय ते दिसलं. "साहेब, नको!"

ठप्प.

सगळ्या भाषांत छापला कुणी? मीच. खणाखणांत सरकवला कुणी? मीच.

नाही, मंडळी वाईट नाहीत. जवळजवळ सगळ्यांचा पाठिंबा आहे मला. एका देशानं तर 'सासूबाईंसह' असं स्पष्ट घाला म्हणून दुरुस्ती सुचवलीय, सासूबाई भलत्याच खूश आहेत. हे रोज फोनवर विचारतात, अगं, मग अडलंय कुठे? काय सांगू ह्यांना... 'समुद्र' कंसात आहे. एका देशाचा तत्त्वतः विरोध आहे. त्यांच्याकडे समुद्र नाही ना!